बोटीतली तिसरी जागा

हे प्रकरण माझ्या भाचीचं आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मामाच्या बोलण्यातून किती वजा करायचं ते वाचणाऱ्याला ठरवता येईल. तिचं नाव लिहीत नाही. ती आता अठरा वर्षांची आहे आणि आपल्याबद्दल कुठे काय छापून यावं हे तिचं तिने ठरवावं. मी स्वतः १९८० च्या दशकाच्या अखेरीस ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठाकडून वॉटर पोलो खेळलो, मग बँकेत लागलो, पण संध्याकाळी तलावावर जाऊन मुलांना पोहायला शिकवायची खोड काही गेली नाही. तेव्हा या प्रकरणात मी साक्षीदार आहे आणि थोडासा आरोपीही.

घडलं ते इतकंच: नऊ वर्षं पोहणारी, पाण्यातल्या पाच-सहा प्रकारांत प्रमाणपत्रं गोळा केलेली मुलगी सतराव्या वर्षी पोहणं सोडून कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद शर्यतीच्या होडीत बसली. त्याआधी घरात सहा महिने धुसफूस चालली होती आणि नंतर वर्षभर पुण्याच्या आत्याने बोलणं कमी केलं होतं. मला अजूनही ज्याचा विचार करावासा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे. तिला जे "सगळं येतं" म्हणून आम्ही मिरवत होतो, ते आलं कुठून?

ताईकडे एक निळी प्लास्टिकची फाइल आहे. ती उघडली की पहिल्यांदा ४०० मीटर फ्रीस्टाइल, मग २०० मीटर वैयक्तिक मेडली, मग मालवणच्या चिवला बीचवरची सागरी जलतरण स्पर्धा, मग वॉटर पोलो, मग ॲक्वाथलॉन, मध्येच कुठेतरी जीवरक्षक स्पर्धेचं एक प्रमाणपत्र. आमच्या मंडळाने गणेशोत्सवात तिला शाल-श्रीफळ दिलं तेव्हा निवेदकाने "जलक्रीडेतील अष्टपैलू कन्या" असं म्हटलं होतं आणि भाऊजींनी तो शब्द उचलला. पाहुणे आले की फाइल निघायची आणि शब्दही निघायचा.

आता ही फाइल तारखांच्या क्रमाने वाचायला घेतली, तर वेगळंच दिसतं. त्यासाठी ग्वाल्हेरचं पाणी समजून घ्यायला हवं.

शहराला खेळाची परंपरा नाही असं कोणी म्हणणार नाही. १९५७ साली सुरू झालेली लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षण संस्था इथेच आहे आणि तिथून शिकून गेलेले क्रीडाशिक्षक देशभर पसरलेत. पण जानेवारीत पहाटे पारा तीन-चार अंशांवर येतो, धुक्यात दहा हातांवरचं माणूस दिसत नाही आणि उघडे तलाव दिवाळीच्या सुमारास बंद होतात ते होळी झाल्यावरच उघडतात. मोकळं पाणी म्हणाल तर मोतीमहालाजवळ बायजाबाई शिंद्यांच्या नावाचा बैजाताल आहे. त्यात तरता रंगमंच आहे, गाणं ऐकायला छान. तिघऱ्याचं धरण आहे, पण ते शहराचं पिण्याचं पाणी. (पहिलं धरण १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटलं होतं, आणि विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे खडकवासल्यानंतर इथे बसले. पुण्याचे पाहुणे आले की भाऊजी हे सांगितल्याशिवाय त्यांना जेवायला वाढू देत नाहीत.) उरली चंबळ. तिथे १९७९ पासून घडियालांचं अभयारण्य आहे, म्हणजे पाण्यावर पहिला हक्क त्यांचा.

अशा गावात मुलगी पोहायला लागली. दरवर्षी चार-पाच महिने पाणी नाही. त्या महिन्यांत ती गच्चीच्या कठड्याला रबरी दोरी बांधून हात मारायची आणि संध्याकाळी मेळा मैदानाकडे पळायला जायची. पळायची सवय लागली म्हणून ॲक्वाथलॉन, म्हणजे पोहणं आणि पळणं मिळून एक शर्यत. म्हणजे फाइलमधलं ते प्रमाणपत्र थंडीचं आहे. वॉटर पोलोचं त्याहून मजेदार. एका स्पर्धेला मुलींच्या संघात सातवी खेळाडू नव्हती. ज्यांच्या हातात यादी होती त्यांनी तिचं नाव परस्पर घातलं आणि पोलोचा सामना नेमका तिच्या ४०० मीटरच्या वेळेला आला. चार महिने ज्या शर्यतीची तयारी केली ती हुकली आणि पोलोचं सहभाग प्रमाणपत्र हाती आलं. मी तेव्हा भांडायला हवं होतं. उलट मीच तिला रात्री पाण्यात उभं राहायची एगबीटर किक कशी मारतात ते समजावत बसलो, कारण मनातून मला आनंद झाला होता की भाची पोलो खेळणार. सागरी पोहणं आलं ते तिचे सर बदली होऊन गेले त्या वर्षी. तलावावर वेळ धरून शिकवणारं कोणी उरलं नाही, तर निदान लांब अंतर तरी पोहू दे, असं आम्ही म्हटलं.

थोडक्यात, दर वेळी एक दार बंद झालं म्हणून ती शेजारच्या दारातून आत गेली, आणि आम्ही त्याला अष्टपैलूपणा म्हटलं.

अडकल्याची जाणीव झाली ती घड्याळामुळे. ४०० मीटर फ्रीस्टाइलला तिची वेळ ४ मिनिटं ५२ सेकंद. चौदा महिने तिथेच. कधी ४:५३, कधी ४:५२.६. या वेळेत राज्यात पदक मिळतं, राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या फेरीनंतर सामान बांधावं लागतं. ज्या मुली अंतिम फेरीत जातात त्या वर्षाचे अकरा महिने पाण्यात असतात, सकाळ-संध्याकाळ मिळून दहा-बारा किलोमीटर पोहतात. पाच महिने रबरी दोरी ओढणाऱ्या मुलीने ते अंतर भरून काढावं असं म्हणणं म्हणजे तिच्यावर अन्याय, हे मला कळत होतं. ताईला कळत नव्हतं असं नाही. पण नऊ वर्षं पहाटे पाचला उठून डबा करणाऱ्या बाईला ते मान्य करायला वेळ लागतो.

मग २०२३ चा सप्टेंबर आला. हांगझौच्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने आयएलसीए-४ या शिडाच्या बोटीत रौप्य जिंकलं. देवास जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातली मुलगी, भोपाळच्या मोठ्या तलावावर तयार झालेली. त्याआधी २०१८ ला जकार्ता-पालेमबांगच्या वेळी हर्षिता तोमरने लेझर ४.७ मध्ये कांस्य मिळवलं होतं, तेही मुलामुलींच्या एकत्रित गटात, सोळाव्या वर्षी. समुद्रापासून शेकडो कोस आतल्या राज्यातल्या मुली शिडाच्या बोटीत पदकं आणतात, याचं कोडं घरात पडलं होतं. उत्तर साधं आहे: भोपाळला पाणी बारा महिने आहे, सरकारी अकादमी आहे, वसतिगृह आहे आणि बोट अकादमीची असते. चांगली आयात केलेली रेसिंग बोट लाखांत जाते. मध्यमवर्गीय घरात पोहणं परवडतं कारण त्याला चड्डी-टोपी-गॉगल लागतो; बोट लागली की बापाला घाम फुटतो.

पण भाचीला खरी हलवली ती महिन्याभराने आलेल्या बातमीने. ऑक्टोबरात त्याच हांगझौला आशियाई पॅरा स्पर्धा झाल्या आणि आमच्या ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांनी कयाकच्या केएल-२ गटात सुवर्ण आणि व्हा या, एका बाजूला तरंगता आधार असलेल्या होडीच्या व्हीएल-२ गटात रौप्य मिळवलं. प्राची यादव आधी पोहत. पायांत ताकद नाही, लहानपणी उपचार म्हणून पाण्यात उतरल्या, राष्ट्रीय पातळीवर पोहल्या, आणि हातांची लांबी पाहून प्रशिक्षकांनी त्यांना २०१८ मध्ये बोटीकडे वळायला सांगितलं. टोकियो पॅरालिम्पिकला पॅरा कॅनोइंगमध्ये उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय, आणि तिथे अंतिम फेरीत आठव्या आल्या. २०२२ मध्ये पोझनानच्या विश्वचषकात कांस्य. भाचीला यातलं पदक दिसलंच नाही, तिला दिसलं ते "हातांची लांबी". त्या रात्री तिने मला फोन करून विचारलं, "मामा, माझा पसारा मोजाल?" दुसऱ्या दिवशी भिंतीला पाठ लावून, हात फाकवून, शिंप्याच्या टेपने मोजलं. उंची १६८ सेंटिमीटर, पसारा १७७.

पुढचे महिने पर्यायांवर गेले. ते सगळे सारख्या तोलाचे नव्हते, म्हणून सारख्या तपशिलात सांगत नाही.

आत्याचं म्हणणं, पोरीला पुण्याला पाठवा, बालेवाडीला पोहू दे. प्रेमाने म्हणत होती. पण सतराव्या वर्षी शहर बदलून, राज्य बदलून, त्याच ४:५२ ला तीन-चार सेकंदांनी खाली आणायचं, हा सौदा मला पटला नाही. ट्रायथलॉनचा विचार एका संध्याकाळीच संपला. सायकलच्या किमती पाहून. लांब पल्ल्याचं पोहणं मात्र गंभीरपणे डोक्यात होतं. मुर्शिदाबादला भागीरथीत ८१ किलोमीटरची शर्यत होते, आणि आमच्याच भागातले सत्येंद्रसिंह लोहिया २०१८ मध्ये इंग्लिश खाडी रिलेने पोहून आले होते. पुढे त्यांना पद्मश्रीही मिळाली. त्या माणसाबद्दल आदर पूर्ण आहे. पण खाडी पोहण्याच्या मोहिमेला पैसा उभा करावा लागतो आणि त्यावर वयाच्या सतराव्या वर्षी उपजीविका उभी राहत नाही. भाऊजी सरकारी नोकरीत असल्याने त्यांचा सूर कायम एकच: यातून पुढे काय? हा प्रश्न क्षुद्र आहे असं तरुणपणी वाटतं. मुलं झाली की वाटत नाही.

रोइंग आणि कयाक यांत रोइंगकडे माझा कल होता, कारण दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, वडिलांबरोबर विहिरी खोदणारा मुलगा २०१२ ला सैन्यात गेला, उंची पाहून रोइंगला घेतला गेला, आणि चार वर्षांत रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या बोटीत तेरावा आला. त्याला सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची. हे मी घरात सांगितलं तेव्हा भाची म्हणाली, "म्हणजे पोहणं येण्याचा काही फायदाच नाही?" मी गप्प. कारण तिचं बरोबर होतं. बोटीतल्या खेळाला पोहणं लागतं ते बुडू नये म्हणून. नऊ वर्षांची मेहनत तिथे पदक म्हणून मोजत नाहीत.

एप्रिल २०२४ मध्ये चाचणीसाठी भोपाळला गेलो. उंची, वजन, पसारा, पळणं, उड्या, दंडाची ताकद, सगळं झालं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी के-वन, म्हणजे एकट्याने चालवायची कयाक, पाण्यात सोडली. ही बोट पाच मीटर वीस सेंटिमीटर लांब असते, वजन बारा किलो, आणि तळ गोल. बाहेरून पाहिलं तर वाटतं, पोराने सोडलेली कागदाची होडी बरी. भाची कॉकपिटमध्ये बसली, पॅडल आडवं धरलं, धक्क्यावरच्या मुलाने बोट सोडली, आणि ती उजवीकडे गेली. म्हणजे पूर्ण गेली. वर आली, हसली, बोट ओढत कडेला आणली. दोघांनी धरून उलटी केली, भडभड पाणी काढलं, पुन्हा बसली. डावीकडे गेली.

मी पायरीवर बसून मोजत होतो. पस्तीस मिनिटांत अकरा वेळा. तिच्याबरोबर आलेल्या एका मुलीला पोहता जेमतेम येत होतं, जाकीट घालून बसली होती. ती तीन वेळा पडली आणि चौथ्यांदा वीसेक मीटर पुढे गेली. माझी भाची तिच्यापेक्षा कितीतरी बळकट. पण पडायची भीती नसल्यामुळे ती तोल सांभाळायची तसदीच घेत नव्हती, असं तिथल्या कोचने नंतर सांगितलं. पाण्याशी फार ओळख असली की माणूस पाण्याला गृहीत धरतो. मला तोपर्यंत वाटायचं, पाण्याची ओळख म्हणजे भांडवल.

बाराव्यांदा ती पडली नाही. दहा मीटर गेली आणि थांबली. पॅडल आडवं टाकून नुसती बसली, बोट डुलत होती, आणि तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. त्या क्षणी मला कळलं की पुण्याच्या आत्याला मलाच फोन करावा लागणार.

पुढचं वर्ष कसं गेलं, त्यातून काय कामी आलं आणि काय नाही, हा या प्रकरणाचा मला सर्वांत भरलेला भाग वाटतो.

कामी आलं ते दम आणि शिस्त. हृदय आणि फुप्फुसं आठ-नऊ वर्षं घडवलेली होती, त्यामुळे लांब सरावात ती पहिल्या महिन्यापासून टिकली. पहाटे उठायला कोणी हाक मारावी लागली नाही. पण पोहणाऱ्याचा श्वास मोजून मापून घेतलेला असतो. तीन हातांनी एक. बोटीत हवा फुकट आहे, तोंड पाण्याबाहेर आहे, तरी ही पहिले कित्येक आठवडे तीन वल्ह्यांनी एकदाच श्वास घ्यायची आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये लालबुंद व्हायची. कोचने तिला पॅडल मारताना मोठ्याने आकडे म्हणायला लावले, तेव्हा ती सवय सुटली.

खांद्यांचं आणखी अवघड. पोहताना हात पुढे टाकून पाणी धरायचं आणि अंग त्याच्यावरून पुढे न्यायचं. कयाकमध्ये पॅडल पाण्यात रुतवायचं, त्याच बाजूच्या पायाने फुटरेस्ट ढकलायचा, आणि कंबरेपासून धड फिरवायचं. हात जवळपास नुसते दोऱ्या. तिचे हात इतके बळकट की ते कंबरेला काही करूच देत नव्हते. हाताने ओढायची, बोट नाक हलवत नागमोडी जायची. पोहणाऱ्याचे घोटे सैल असतात, किक मारायला ते वरदान. फुटरेस्टवर सैल घोटा म्हणजे ताकद वाया. मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या. वसतिगृहातून व्हिडिओ कॉल यायचा तेव्हा ती जमिनीवर पाय पसरून, पुढे वाकून बसलेली असायची आणि तशीच बोलायची.

आणि गंमत अशी की ज्या पोलोवरून माझ्या मनात अजून टोचणी आहे, तो पोलो कामी आला. एगबीटर किक म्हणजे पाण्यात उभं राहून दोन्ही पाय आळीपाळीने घुसळणं, त्यात कंबरेचे सांधे स्वतंत्र चालायला शिकतात. आसनावर बसून पायांनी ढकलताना तिच्या कंबरेला हे आठवलं, असं ती म्हणते. मालवणच्या लाटांचाही उपयोग झाला. शेजारच्या बोटीने उठवलेल्या लाटेवर आपली बोट कशी ठेवायची, हे तिला इतर नव्या मुलींच्या आधी उमगलं. ४०० मीटर फ्रीस्टाइल, जिच्यासाठी आमची सगळी वर्षं गेली, ती यात सर्वांत कमी उपयोगी पडली. हे मी ताईला सांगितलेलं नाही.

सहा महिन्यांनी के-वनमध्ये ५०० मीटरला तिची वेळ २ मिनिटं ४१ सेकंद होती, दहा महिन्यांनी २ मिनिटं ३० च्या आसपास. फार चांगली नाही. वयाने तिच्याहून लहान मुली पुढे आहेत, कारण त्या बाराव्या-तेराव्या वर्षी बोटीत बसल्या. ती चौदाव्या वर्षी आली असती तर? हा प्रश्न आम्ही घरात विचारत नाही, पण प्रकरण म्हणून लिहायला बसलो तर टाळताही येत नाही. माझं मत असं की चौदाव्या वर्षी तिची फाइल इतकी जाड होत होती की कोणाला थांबून तिच्याकडे बघायची गरजच वाटली नाही. दर तीन महिन्यांनी नवीन काहीतरी मिळत होतं. एकाच शर्यतीत सतत हरणारी मुलगी असती तर आम्ही लवकर विचार केला असता.

भाऊजींच्या "पुढे काय" ला उत्तर अर्धंच मिळालंय. आमच्या राज्यात विक्रम हा क्रीडा पुरस्कार मिळवणाऱ्याला सरकारी नोकरीची वाट आहे, रेल्वे आणि सैन्यदलांत खेळाडूंच्या जागा आहेत. पण त्या सगळ्याच्या आधी पदक आहे आणि ते अजून नाही. तोवर बी.ए. चालू आहे. भाऊजी पाहुण्यांना हल्ली अष्टपैलू म्हणत नाहीत, "बोट चालवते" म्हणतात, आणि समोरचा "म्हणजे बोट क्लबवर?" असं विचारतो, तेव्हा चिडतात.

गेल्या हिवाळ्यात अकादमीने तिला के-फोरमध्ये बसवलं. अकरा मीटरची बोट, चौघी जणी. पहिल्या जागेवरची ताल धरते आणि दिशा राखते. दुसरी तो ताल मागे पोचवते. तिसरीने नुसतं जोर लावायचा. दिशा बघायची नाही, डोकं चालवायचं नाही, समोरच्या मुलीच्या खांद्याबरोबर पॅडल पाण्यात गेलं पाहिजे, बस्स. माझी भाची तिसरी. तिला तिथून समोरच्या मुलीच्या पाठीशिवाय काहीही दिसत नाही. मी विचारलं, कंटाळा नाही का येत? तर म्हणाली, "मामा, पहिल्यांदाच मला कोणी एकच काम दिलंय."

संक्रांतीला दोन दिवस घरी आली होती. तिळगुळाबरोबर मुरैन्याची गजक होतीच. धुकं इतकं की घरी यायला रिक्षावाला दुप्पट पैसे मागत होता. ताईने निळी फाइल काढून तिच्यासमोर ठेवली, त्यात नवीन काही घालायचंय का म्हणून. भाची पानं उलटत राहिली, मालवणचा फोटो पाहून हसली, आणि फाइल मिटली.

"मग आता पोहणं अगदीच बंद?" ताईने विचारलं.

"नाही गं. बोट उलटली की पोहते ना."

"उलटते अजून?"

"के-वन उलटते कधीकधी," ती गजकेचा तुकडा मोडत म्हणाली. "के-फोरमध्ये चौघी असतो. एकटीला पडता येत नाही."